उपग्रह म्हणतो अमोनिया घटला. कोकणापुरतं ते कितपत खरं?

सड्यावरची

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक नकाशा टाकला. लाल म्हणजे हवेतला अमोनिया वाढला, निळा म्हणजे घटला. गंगेचं मैदान लाल, चीनचा पूर्व भाग लालभडक आणि आपल्या नैऋत्येच्या पट्ट्यावर निळी छटा. खाली मजकूर: "कोकणची हवा सुधारली! अभिमानाने पुढे पाठवा." पुढे पाठवायच्या आधी थोडं खोदकाम केलं, ते इथे मांडते. जाणकारांनी भर घालावी.

मुळात आकडे बनावट नाहीत. ब्रसेल्सच्या मुक्त विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये एक अभ्यास छापला. २००८ ते २०१८ या काळात जगाच्या हवेतला अमोनिया १२.८ टक्क्यांनी वाढला, पूर्व आशियात तर वर्षाला ५.८ टक्के या वेगाने. गंगेच्या मैदानातही चढ, नैऋत्य भारतात मात्र उतार, असं त्यात लिहिलंय. "कोकण" ही पुढे ढकलणाऱ्यांची भर. नैऋत्य भारत म्हणजे काही फक्त पालघर ते सावंतवाडी नव्हे.

मोजणारं यंत्र आयएएसआय. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवर ते बसवलंय. पहिला मेटॉप २००६ च्या ऑक्टोबरात उडाला, दुसरा २०१२ ला, तिसरा २०१८ ला. आपल्या डोक्यावरून तो सकाळी साडेनऊच्या सुमारास जातो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास पुन्हा. जमिनीवरून वर जाणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, तो ८४६१ चॅनलमध्ये, म्हणजे बारीक पट्ट्यांत, फोडून बघतो. दहा मायक्रॉनच्या आसपास अमोनिया त्यातला आपला वाटा गिळतो, तेवढी खाच दिसते. खाच जितकी खोल, तितका वायू जास्त. एक ठिपका, अगदी सरळ खाली बघताना, १२ किलोमीटर व्यासाचा. म्हणजे रत्नागिरी शहर, मिऱ्या, आजूबाजूच्या वाड्या आणि वर समुद्राचा तुकडा, सगळं एकाच ठिपक्यात.

मला खटकतं ते पुढे. युरिया आपण कधी टाकतो? लावणी उरकल्यावर जुलैत, मग पुन्हा ऑगस्टात. आंब्याकाजूच्या आळ्यात खत पडतं तेही पावसाच्या तोंडाला. आणि नेमके तेच चार महिने कोकणावर ढगांचं झाकण. अवरक्त किरण दाट ढगातून पार होत नाहीत. मग मुख्य विषयाचा पेपर न तपासताच वर्षाचा निकाल लावला, असं तर होत नाही ना?

बंदरावरचा

वाचतोय. अमोनिया म्हटला की मला बंदराजवळचे बर्फाचे कारखाने आठवतात. कॉम्प्रेसरच्या खोलीत नुसतं डोकावलं तरी डोळ्यांतून पाणी. एखादा व्हॉल्व्ह गळला की अख्खी आळी नाकाला ओलं फडकं लावून रस्त्यावर. हे वरून दिसतं का?

अवरक्त

@बंदरावरचा, नाही दिसत. गळती घटकाभराची, उपग्रहाची फेरी दिवसातून दोनदा, आणि १२ किलोमीटरच्या ठिपक्यात एका आळीचा वायू विरून जातो. वर्षानुवर्षं एकाच जागेवरून निघणारा अमोनिया मात्र दिसतो. ठिपके दर फेरीला थोडे सरकून पडतात, त्यामुळे अनेक वर्षांच्या फेऱ्या एकावर एक रचल्या की चित्र ठिपक्यापेक्षाही बारीक होत जातं. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये याच गटाने असे २४८ ठळक उगम दाखवले. मोठे गोठे, कोंबड्यांचे फार्म, खतांचे कारखाने. त्यातला फक्त एक नैसर्गिक होता, टांझानियाचं नॅट्रॉन सरोवर.

यावरून एक सांगतो. अमोनिया किंवा त्यापासून खतं बनवणारे मोठे प्रकल्प उत्तरेकडे आहेत, थळ, तळोजा, ट्रॉम्बे. तळकोकणात तसं काही नाही. "कोकण" नावाची एकच सरासरी काढली तर रायगड आणि सिंधुदुर्ग दोघांचंही खोटं चित्र मिळेल.

आता सड्यावरच्या ताईंची ढगांची शंका. ती रास्त आहे, पण जरा वेगळ्या प्रकारे. ढगाळ दिवस शून्य म्हणून धरत नाहीत, ते वगळतात. जुलैची सरासरी म्हणजे जुलैतल्या उघडिपीची सरासरी. आणि उघडीप हा काही साधा दिवस नव्हे. पाऊस थांबला म्हणून हवेतला वायू धुतला जात नाही, ऊन पडलं म्हणून खाचरातून जास्त उडतो, आणि शेतकरीही खत टाकायला तोच दिवस धरतो. म्हणजे पावसाळ्यातले जे थोडेथोडके आकडे मिळतात ते खऱ्यापेक्षा कमी नसून चढेच असण्याची शक्यता जास्त.

दुसरी अडचण ढगांहून मोठी, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. या पद्धतीला जमीन आणि तिच्यावरची हवा यांच्या तापमानात फरक लागतो. फरक नसेल तर वायू असूनही खाच उमटत नाही. एप्रिलात कातळ तापतो, तेव्हा उपग्रहाला लख्ख दिसतं. पाण्याने भरलेलं खाचर आणि त्यावरची दमट हवा जवळपास एकाच तापमानाची, तिथे नजर अधू. समुद्रावर तर त्याहून अधू. किनाऱ्यावरचा ठिपका अर्धा पाण्यात असेल तर तो आकडा जपूनच वापरावा.

तळकोकणी

सगळा वाचलंय. पण माका एक सांगा, आमच्याकडे गोठे रिकामे झाले. पैल्यांदा घराघरात जोत होता, आता पॉवर टिलर. ढोरांच रवली नाय तर शेणामुताचो वास खंयसून येतलो? मग अमोनिया कमी झालो म्हणतत तां बरोबरच आसा मां?

सड्यावरची

तळकोकणी दादा, मुद्दा बरोबर आहे. माणसाने हवेत सोडलेल्या अमोनियाचा मोठा वाटा शेतीचाच, आणि त्यात जनावरांचं मलमूत्र नि खत हेच दोन मुख्य. २०१९ च्या पशुगणनेत देशभरच्या देशी आणि गावठी गुरांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी कमी भरली होती. पण उपग्रह एवढंच सांगतो की वायू कमी दिसला. गोठे रिकामे झाले म्हणून, खत बदललं म्हणून की आणखी कशाने, हे त्या रेघेत लिहिलेलं नसतं.

खलाटी

कर्जतकडे भात करतो. उपग्रहातलं कळत नाही, युरिया कसा उडतो ते पायाखाली बघितलंय.

युरियाचा दाणा पाण्यात पडला की मातीतलं युरीएज नावाचं विकर त्याला फोडतं आणि अमोनियम तयार होतं. पाण्याचा सामू (पीएच) जितका वर, तितकं ते वायू होऊन निसटतं. आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, म्हणून वाटतं की आपण वाचलो. पण दाणा विरघळतो त्या जागी सामू तेवढ्यापुरता चढतो. शिवाय खाचरातलं शेवाळ उन्हात पाण्यातला कर्बवायू ओढून घेतं, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू वर जातो आणि रात्री परत उतरतो. पाणी साचलेल्या खाचरात भर उन्हात वरखत फोकून दिलं तर त्यातलं बरंच आभाळाला दान केलं म्हणायचं.

यावर आपल्याकडे तोडगा जुना आहे. चारसूत्री भात लागवड. दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटूनपालटून खुणा, त्यावर चूड (रोपांचे जुडगे) लावायचे, म्हणजे चार-चार चुडांचे चौकोन पडतात. लावणी झाली की चौकोनाच्या मध्यावर युरिया-डीएपी खताचं एक ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल खुपसायचं. अंगठ्याने दाबायचं आणि वरचं भोक चिखलाने बुजवायचं. ब्रिकेट पावणेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर, हेक्टरी सुमारे १७० किलो. अमोनियम चिखलातच अडकून राहतं, वरच्या पाण्यात फारसं येतच नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण अन्नपूर्णा' ब्रिकेटही याच जातीचं.

मग सगळे का करत नाहीत? वाकून हेक्टरी साठ हजारांच्या वर गोळ्या खुपसायला माणसं कुठून आणायची ते सांगा. तरणी पोरं पनवेलला. गोणी खांद्यावर मारून अर्ध्या तासात फोकून मोकळं होता येतं.

मास्तर

@खलाटी, झकास प्रतिसाद. निंबोळी लेपाचा युरिया २०१५ पासून सक्तीचा झाला, त्याने अमोनिया कमी झाला असेल का? २००८ ते २०१८ च्या मधोमधच येतं ते.

खलाटी

मास्तर, लेपाचं काम वेगळं. अमोनियमचं नायट्रेट होणं तो लांबवतो. म्हणजे अमोनियम जास्त दिवस अमोनियमच राहतं. पिकाने उचललं तर चांगलंच, पण ते उघड्यावर असेल तर त्याला उडून जायलाही जास्त दिवस मिळतात. त्यामुळे लेप आला नि अमोनिया घटला असं धरून चालू नका. गोणी ५० ची ४५ किलोची झाली ती २०१८ ला, तिचा तर या आकड्यांशी संबंधच नको.

ठाण्याचे काका

एवढा आटापिटा कशाला? प्रदूषण मंडळाची केंद्रं आहेत ना जमिनीवर. हवेच्या निर्देशांकात अमोनिया धरतात. मर्यादा ठरलेली आहे, दिवसाची ४००, वर्षाची १०० मायक्रोग्रॅम दर घनमीटर. त्याच्या आत असलो की विषय संपला.

दगडफूल

काका, विषय तिथूनच सुरू होतो. ती २००९ ची मर्यादा माणसाच्या फुफ्फुसासाठी ठीक असेल. दगडफुलांसाठी आणि शेवाळ्यांसाठी युरोपात जी घातक पातळी धरतात ती वर्षाची सरासरी १ मायक्रोग्रॅम आहे. त्यांच्याहून वरच्या श्रेणीच्या वनस्पतींसाठी, म्हणजे गवतं, झुडपं, झाडं यांच्यासाठी, ३. कुठे १ आणि कुठे १००!

मी आंबोलीच्या बाजूला झाडांच्या सालींवरची दगडफुलं बघते. गोड्या मसाल्यात पडतं तेच कुळ. यांना मुळं नसतात, जे काही मिळतं ते हवेतून आणि पावसातून. नायट्रोजन वाढला की झुपकेदार, लोंबणाऱ्या, नाजूक जाती आधी जातात आणि त्यांच्या जागी नायट्रोजन चालणाऱ्या, सालीला चिकटून वाढणाऱ्या पिवळट-नारिंगी जाती येतात. गोठ्याजवळच्या फणसाचं खोड आणि देवराईतल्या झाडाचं खोड शेजारी ठेवून बघा, फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. त्यामुळे "घटला" म्हटलं की मी विचारणार, किती वरून कितीवर? २० वरून १८ झाला तर माझ्या दगडफुलांना त्याचा उपयोग शून्य.

आणि केंद्रं बहुतेक शहरात नि कारखान्यांच्या आसपास. चांदोलीच्या जंगलात काय चाललंय ते सांगायला वरचाच डोळा लागतो, अधू असला तरी.

अवरक्त

दगडफूल ताईंच्या "किती वरून किती" ला जोडून. उपग्रह जमिनीलगतचे मायक्रोग्रॅम मोजत नाही. जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या उभ्या खांबात अमोनियाचे किती रेणू आहेत, ते मोजतो. त्यावरून नाकाच्या उंचीवरचा आकडा काढायला मिश्रणाच्या थराची, म्हणजे जमिनीलगतची हवा जेवढ्या उंचीपर्यंत घुसळली जाते त्या थराची, जाडी धरावी लागते, आणि ती किनाऱ्यावर तासागणिक बदलते.

ज्याच्यासाठी हा प्रतिसाद लिहायला बसलो ते गंधकाचं. अमोनिया हवेत एकटा राहत नाही. कोळशाच्या धुरातल्या गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि अमोनिया त्याला आधी जाऊन चिकटतो. त्यातून अमोनियम सल्फेटचे बारीक कण बनतात, पीएम २.५ मध्ये, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांत, त्यांचा बराच वाटा असतो. नायट्रिक आम्लाशीही तो जोडी जमवतो, पण ती थंडीत टिकते. आपल्या उष्ण हवेत ते कण पुन्हा फुटून वायू होतात.

उपग्रहाला फक्त मोकळा वायू दिसतो, कणात बांधलेला नाही. चीनने गंधकाचा धूर झपाट्याने कमी केला, तसा तिथे अमोनियाला चिकटायला जोडीदार उरला नाही आणि नकाशावर पूर्व आशिया लालभडक झाला. त्या वाढीचा एक भाग खतांचा, पण एक भाग हा. आपल्याकडे त्याच काळात उलट चाललं होतं, गंधकाचा धूर वाढत होता. तेव्हा नैऋत्येच्या निळ्या रंगात थोडा वाटा असाही असू शकतो की अमोनिया निघाला तेवढाच, पण कणात जाऊन लपला. हा माझा तर्क आहे, अभ्यासाचा निष्कर्ष म्हणून पुढे ढकलू नका. अभ्यासकांनीही कारणांमध्ये खतं, आगी, हवामान आणि गंधक-नायट्रोजनचे वायू सगळेच तपासलेत.

जाता जाता: औष्णिक केंद्रांना गंधक धुणारी यंत्रं बसवायला लावणारे नियम २०१५ चे, आणि २०२५ च्या जुलैत त्यातल्या बहुतांश केंद्रांना सूट मिळाली. ती यंत्रं सगळीकडे लागली असती तर हवा स्वच्छ झाली असती आणि हाच नकाशा कदाचित लाल झाला असता. ग्रुपवर तेव्हा काय मजकूर फिरला असता कोण जाणे.

बंदरावरचा

बाप रे. म्हणजे निळा म्हणजे चांगला असं नाहीच! बरं, आपला इस्रो यात कुठे आहे? सगळं युरोपचंच का?

अवरक्त

इन्सॅट-३डी मालिकेच्या उपग्रहांवर साउंडर आहे, पण त्याला अवरक्त चॅनल १८. तिकडे ८४६१. अमोनियाची बारीक खाच पकडायला १८ पुरत नाहीत, त्याचं कामच तापमान नि बाष्प मोजायचं. अमेरिकेची अशीच दोन यंत्रं आहेत, एआयआरएस २००२ पासून आणि क्रिस २०११ पासून, फेरी दुपारी दीडच्या सुमारास; एआयआरएसची वेळ मात्र अलीकडच्या वर्षांत पुढे सरकलीय. चीनच्या फेंगयुन-४ वर भूस्थिर, म्हणजे कायम एकाच भागावर नजर ठेवणारं, यंत्र आहे, त्याने आशियातल्या अमोनियाची दिवसभराची चढउतार दाखवलीय. युरोपचा आयएएसआयचा वारसदार २०२५ च्या ऑगस्टात उडाला. त्यामुळे रेघ तुटणार नाही, पण जुन्या-नव्याचा सांधा नीट जुळवावा लागेल.

मास्तर

अकरावीच्या मुलांकडून हा प्रकल्प करून घ्यायचं मनात आहे. डेटा फुकट मिळतो असं दिसतंय. कुठले महिने घेऊ? आणि काही ठिकाणी आकडे चक्क उणे येतात, ते काढून टाकू ना? हवेत उणे वायू कसा असेल?

अवरक्त

मास्तर, उणे आकडे अजिबात काढू नका! वायू अगदी कमी असतो तिथे यंत्राच्या मोजणीतल्या खळखळीमुळे (आपोआप होणाऱ्या बारीक चुकांमुळे) आकडा कधी खऱ्याच्या वर पडतो, कधी खाली. खाली पडलेले तेवढे फेकून दिलेत तर सरासरी फुगते, आणि स्वच्छ जागांवरच सगळ्यात जास्त फुगते. कोकणात तर उणे आकडे भरपूर येणार. मुलांना आधी दोन्ही प्रकारे सरासरी काढायला लावा, त्यांचं त्यांनाच दिसेल.

अजून एक. फायलींमध्ये "रीॲनालाइज्ड" अशी आवृत्ती असते, तीच घ्या. साध्या आवृत्तीत हवामानाची माहिती भरण्याची पद्धत मधल्या वर्षांत बदलत गेली, त्यामुळे रेघेत खोट्या पायऱ्या दिसतात. लांब पल्ल्याच्या कलासाठी ती चालत नाही.

महिने डिसेंबर ते मे. जून ते सप्टेंबर वेगळ्या पानावर ठेवा, आणि प्रत्येक महिन्याला किती मोजण्या मिळाल्या तो आकडा शेजारी लिहायला लावा. तो न लिहिता काढलेला आलेख मी तरी बघणार नाही.

खलाटी

मध्येच बोलतो. मार्च ते मे मध्ये आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. पाला, कवळ, गवत, शेण, वर माती, आणि आग. शिवाय डोंगराला वणवे. धुरातही अमोनिया असतो ना? मग तो युरियाच्या नावावर चढेल की.

अवरक्त

चढेल. म्हणून मार्च-मे आणि डिसेंबर-फेब्रुवारी वेगवेगळे काढावेत. आगींसाठी व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या यंत्राने टिपलेले ठिपके सोबत ठेवा, ते ३७५ मीटरचे असतात. मोडिस या जुन्या यंत्राचे एक किलोमीटरचे, त्यात एवढासा राब क्वचितच पकडला जातो.

मास्तर

म्हणजे डिसेंबर-फेब्रुवारी सगळ्यात निर्मळ? राब नाही, पाऊस नाही, ढग नाही.

अवरक्त

ढगांच्या बाबतीत, हो. पण वारा बघा. थंडीत सकाळी साडेनऊला मतलई अजून पुरता सरलेला नसतो, हवा घाटाकडून समुद्राकडे वाहत असते. अमोनिया हवेत काही तास ते दिवसभर टिकतो. घाटमाथ्यापासून किनारा पन्नासेक किलोमीटर, ताशी दहाच्या वाऱ्याने पाच तासांत पार. कोल्हापूर-साताऱ्याच्या उसाला टाकलेला युरिया आणि तिथले गोठे काही प्रमाणात तुमच्या आलेखात उतरणार. दुपारी दीडला खारा वारा चढलेला असतो, तेव्हा किनाऱ्यालगत समुद्राकडची हवा. त्यामुळे थंडीसाठी आयएएसआयची सकाळ आणि क्रिसची दुपार शेजारी ठेवा. दोन यंत्रांच्या आकड्यांची थेट वजाबाकी करू नका, दोघांची पद्धत वेगळी आहे. दोघांचा वर्षागणिक कल एकाच दिशेला जातो का, तेवढंच बघा.

तळकोकणी

म्हंजे आमचो अमोनिया पण घाटावरच्यांचोच! 😄

मास्तर

ठरलं. दोन चौकटी काढतो, एक देवगड-मालवणची, एक अलिबाग-पेणची. समुद्राचे ठिपके वगळून. खलाटी, तुमच्याकडचे राब कुठल्या आठवड्यात पेटतात तेवढं सांगाल का? आणि दगडफूल ताई, मुलांना झाडांच्या साली बघायला कुठे नेऊ?

दगडफूल

व्यक्तिगत निरोप पाठवते. भिंग आणायला सांगा, दहापटीचं पुरे.